पायातला पट्टा आणि तीन मजली उडी

पोरांनो, काल तुम्ही मोबाइलवर मला तो व्हिडिओ दाखवलात. एक माणूस शीड लावलेल्या फळीवर उभा राहून भन्नाट येतो, समोरच्या लाटेवर चढतो आणि फळीसकट, शिडासकट आकाशात. धाकट्याने लगेच विचारलं, "आबा, हे खरं आहे का कॉम्प्युटरवर केलंय?" खरं आहे बाळा. अगदी खरं आहे. पण ते कसं घडतं हे समजून घ्यायचं असेल तर समुद्राच्या आधी आपल्या गोठ्याकडे बघावं लागेल.

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि घाट ओलांडून आपल्या मावळात शिरलं. ताईला आठवत असेल. मावळातली गुलाबाची पॉलिहाऊस फाटली, शाळांची छपरं गेली, विजेचे खांब आडवे झाले. आपल्या गोठ्याचा कडेचा एक पत्रा उडाला आणि पलीकडच्या उसात जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी मी शिडी लावून वर गेलो. पत्रा जिथे होता तिथे लोखंडी पाइपाला त्याचे जे-हुक तसेच अडकलेले होते. जे-हुक माहीत आहे ना? खालचं टोक वळवलेला बोल्ट असतो, त्यावर डांबरी वायसर आणि नट. त्यातल्या एका हुकाचं वळण उलगडून तो जवळजवळ सरळ झाला होता. आता सांगा, हुक आडवा वाकला असता तर वाऱ्याने पत्रा ढकलला असं म्हटलं असतं. पण तो सरळ झाला, म्हणजे पत्र्याला कोणीतरी वर ओढलं. वारा तर जमिनीला धरून आडवा वाहत होता. मग वर ओढलं कोणी?

वाऱ्यानेच. इथूनच गोष्ट सुरू होते.

हवा दिसत नाही म्हणून तिला वजन नाही असं आपल्याला वाटतं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी पेटी घेतली तर तिच्यात सव्वा किलोच्या आसपास हवा मावते. ही हवा पळायला लागली की तिला अडवणाऱ्या, वळवणाऱ्या वस्तूवर तिचा दाब पडतो. छपराच्या कडेला वाऱ्याला अचानक वर वळावं लागतं. तो पत्र्यावरून वळसा घेऊन जातो तेव्हा पत्र्याच्या वरच्या अंगाला हवेचा दाब कमी होतो. खालून, पागोळीच्या बाजूने घुसलेल्या हवेचा दाब मात्र जास्त असतो. दोन्ही मिळून पत्रा वर उचलतात. वारा ताशी 80 किलोमीटरचा धरला, तर एका चौरस मीटरवर साधारण तीस किलो वजनाएवढा जोर लागू शकतो. आपला पत्रा तीन चौरस मीटरचा. म्हणजे नव्वद किलोचा जोर, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन बारा-पंधरा किलो. हुकाने तग धरायचा तरी किती?

एक गोष्ट इथेच मनात पक्की करा, पुढे पदोपदी लागणार आहे. वारा दुप्पट झाला तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी 20 किलोमीटरची झुळूक आणि ताशी 40 चा वारा यात चौपटीचा फरक. ताशी 80 म्हणजे त्या झुळकेच्या सोळापट. म्हणून वादळ एवढं भयंकर असतं. आणि म्हणूनच माणूस शिडाच्या फळीवर उडू शकतो.

काही पुस्तकांत लिहिलेलं असतं की पंखाच्या वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता असतो, खालच्या हवेला गाठायचं म्हणून ती घाईने पळते. हे वाचलंत तर खुशाल खोडून टाका. वरच्या हवेला खालच्या हवेला गाठायचं काही बंधन नाही, आणि ती गाठतही नाही. खरं कारण सरळ आहे. पंखाने, शिडाने किंवा पत्र्याने वारा एका बाजूला वळवला की वारा त्याला उलट बाजूला ढकलतो. न्यूटनने सांगितलेलं तेच, क्रिया आणि प्रतिक्रिया.

आता फळी. विंडसर्फिंगची फळी आणि साधी शिडाची होडी यात मोठा फरक आहे. होडीला डोलकाठी घट्ट रोवलेली असते. इथे डोलकाठी फळीला एका फिरत्या सांध्यावर बसवलेली असते. ती पुढे झुकते, मागे झुकते, डावी-उजवीकडे, गोलसुद्धा फिरते. तिला उभं धरायला दोरखंड नाहीत. धरायचं माणसाने, दोन हातांनी, शिडाला आडवा जो दांडा असतो त्याला. त्या दांड्याला बूम म्हणतात. फळीला सुकाणूही नसतं. शीड पुढे झुकवलं की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे झुकवलं की वाऱ्याकडे.

ही कल्पना कोणाची, यावर पुष्कळ भांडणं झाली. कॅलिफोर्नियात हॉयल श्वाइट्झर आणि विमानाचा अभियंता जिम ड्रेक या दोघांनी 1968 साली पेटंटसाठी अर्ज केला. त्याच्या आधी अमेरिकेतच न्यूमन डार्बीने अशी फळी बनवून 1965 साली मासिकात तिचे आराखडे छापले होते. आणि पुढे इंग्लंडच्या कोर्टात खटला चालला तेव्हा निघालं काय, की 1958 साली हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स नावाच्या एका पोराने फळीला शीड जोडून पाण्यात चालवलं होतं. वय बारा वर्षं. ताई, तुझ्याएवढा! तिथल्या कोर्टाने त्या पोराचा प्रयोग ग्राह्य धरला आणि पेटंट रद्द ठरवलं. मला ही हकिगत फार आवडते.

आपल्याकडेही ही फळी लवकर आली. 1982 च्या दिल्लीच्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, आणि त्यात विंडग्लायडर नावाच्या शिडाच्या फळीची शर्यतही होती. 1984 साली लॉस एंजेलिसला हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. आजही गोव्यात दोनापावलाच्या आसपास मुलं या खेळाचा सराव करतात. डेन आणि कात्या कुएल्हो ही गोव्याची भावंडं भारताकडून परदेशात खेळली आहेत. तिथल्या एका किनाऱ्याचं नाव तर चक्क हवाई बीच आहे. पण तिथे होतात त्या शर्यती. उंच उड्यांसाठी खऱ्या हवाईसारख्या ठिकाणीच जावं लागतं. ते का, तेही सांगतो.

सुरुवातीच्या फळ्या बारा फूट लांब, वीस किलोच्या आसपास. खाली पाण्यात घुसलेलं लांब पातं असायचं, घसरू नये म्हणून. हवाई बेटांवर कैलुआ नावाचा किनारा आहे. तिथली पोरं या जड फळ्या घेऊन मोठ्या वाऱ्यात, उसळत्या पाण्यात जायची. अडचण एकच. फळी लाटेवर आपटून उसळली की माणूस एकीकडे आणि फळी दुसरीकडे. 1977 च्या सुमाराला लॅरी स्टॅनली आणि त्याच्या मित्रांनी फळीवर पाय अडकवायला पट्टे बसवले. बस्स, एवढंच. पट्टा. हेतू उडी मारायचा नव्हता, पडू नये एवढाच होता.

मी असा पट्टा गोव्यात हातात घेऊन पाहिला आहे. तळहातापेक्षा थोडा लांब. आत जाड विणीची नायलॉनची पट्टी, तिच्याभोवती फोमची गादी, त्यावर पाणबुड्यांच्या अंगरख्याचं असतं तसलं रबरी कापड. दोन्ही टोकांना फळीत जाणारे स्क्रू. पाय जिथे घासतो तिथलं कापड गुळगुळीत झालेलं आणि शिवणीत मीठ साचून पांढरं पडलेलं. हातात वजन जाणवतही नाही. तरी मी ठामपणे सांगतो, या खेळात उडी आली ती या पट्ट्यामुळे. शीड होतं, वारा होता, लाटा तर समुद्राइतक्याच जुन्या. पण माणूस आणि फळी यांना एकमेकांत बांधणारं काही नव्हतं, तोवर लाटेने वर फेकलेल्या फळीचा माणसाला काही उपयोगच नव्हता.

"म्हणजे लाटच फेकते का आबा? वारा नाही?" ताईने बरोबर प्रश्न विचारला. चला, हिशोबच करू.

समजा त्या माणसाला 10 मीटर वर जायचंय. दहा मीटर म्हणजे तीन मजली घराची गच्ची. नुसतं चेंडूसारखं वर फेकलं तर सुरुवातीचा वेग किती हवा? सेकंदाला 14 मीटर, म्हणजे ताशी 50 किलोमीटर, आणि तोही सरळ वर. आता हा वेग आणायचा कुठून? फळी जोरात पळायला लागली की ती पाण्यात बुडून चालत नाही, पाण्याच्या पाठीवरून घसरत जाते. अशी ती ताशी 40 सहज गाठते. समोरून लाट येते आहे. दोन मीटर खोल पाण्यात लाट साधारण ताशी 16 किलोमीटरने पुढे सरकते. दोघं समोरासमोर, म्हणून वेगांची बेरीज होते. लाटेच्या दृष्टीने माणूस ताशी 56 ने तिच्या अंगावर येतोय. लाटेचा चढ उभा असेल तर हा आडवा वेग वर वळतो. चढ पंचेचाळीस अंशांचा धरला तर वर जाणारा वेग उरतो सेकंदाला 11 मीटर. त्याने उंची मिळते सहा मीटरच्या आसपास, आणि घसरण्यात-वळण्यात काही वाया जातं ते वेगळंच.

म्हणजे एकट्या लाटेने दहा मीटर होत नाही. उरलेलं शीड देतं. पण कसं, ते बघण्यासारखं आहे.

हवेत गेल्यावर तो शीड आडवं करतो. डोक्यावर धरतो म्हणा ना. आता ते शीड पुढे ओढत नाही, पंखासारखं वर उचलतं. वारा ताशी 55 किलोमीटरचा धरा. एका चौरस मीटरवर 14 किलोचा जोर. चार चौरस मीटरचं शीड, म्हणजे छप्पन्न-सत्तावन्न किलो. माणूस सत्तर किलोचा, फळी सातची, शीड-डोलकाठी-बूम मिळून आठ किलो, एकूण पंच्याऐंशी. सगळं वजन काही उचललं जात नाही. आणि शिडाचा कोन शंभर टक्के बरोबर कधीच नसतो. पण समजा, निम्मं वजन तोललं गेलं. तर काय होईल? त्याला खाली ओढणारी ओढ निम्मी झाली. ओढ निम्मी झाली की त्याच लाटेवरून, त्याच वेगाने सुटलेली उडी दुप्पट उंच जाते. आणि हवेत राहण्याचा वेळही दुप्पट. सहा मीटरचे बारा होऊ शकतात!

पोरांनो, इथे थोडं थांबा. उडी लाटेची आणि तरंगणं वाऱ्याचं. दोघांपैकी एक कमी पडला की तो माणूस पाण्यात.

कामशेतला आपण पॅराग्लायडिंग बघायला गेलो होतो ना, शेलारच्या टेकडीवर? त्यांना लाट लागत नाही. त्यांचा पंख पंचवीस चौरस मीटरच्या घरात असतो. तो ताशी 36 च्या वेगाने हवेतून जातो. चौरस मीटरला सहा किलो धरले तरी पंचवीस मीटरचे दीडशे होतात. त्यातला साठ टक्के जोर जरी वर लागला तरी नव्वद किलोचा माणूस सामानासकट तोलला जातो. म्हणून तो टेकडीवरून चार पावलं पळतो आणि पाय सुटतात. फळीवाल्याकडे त्याच्या एक षष्ठांश कापड आहे. म्हणून त्याला लाटेचा चढ हवाच. पतंगाच्या दोरीला लटकून उडणारे काइटसर्फर मात्र तीस मीटरच्याही वर गेलेत, कारण त्यांचा पंख वीस मीटर उंचावर, जिथे वारा जास्त जोराचा असतो तिथे असतो, आणि तो कुठे न्यायचा हे त्यांच्या हातात असतं. त्यांचं कौतुक आहेच. पण शीड स्वतःच्या दोन मुठीत धरून दहा मीटर वर जाणं ही वेगळीच करामत, आणि मला विचाराल तर जास्त अवघड.

धाकटा म्हणतोय, मग मोठं शीड का नाही लावत? दहा चौरस मीटरचं लावलं तर सगळंच वजन उचललं जाईल!

सगळ्यांना आधी असंच वाटतं. पण वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो हे मघाशी पक्कं केलं होतं ना? वारा दुप्पट झाला तर तेवढाच जोर चौथा हिस्सा कापडातून मिळतो. म्हणजे मंद वाऱ्यात मोठं शीड जे करतं, ते जोराच्या वाऱ्यात छोटं शीड करतं. मग छोटंच बरं. त्याची डोलकाठी आखूड, चार मीटर किंवा त्याहून कमी. बूम आखूड. वजन कमी. हवेत कोन पटकन बदलता येतो. मोठं शीड वादळी वाऱ्यात दोन हातांनी धरताच येत नाही, आणि एकदा पाणी सुटलं की ते माणसाला वर न्यायच्या आधी आडवं ओढून नेतं. म्हणून उंच उड्या मारणारे साडेतीन ते पाच चौरस मीटरची शिडं वापरतात. स्पेनचं ग्रान कनारिया बेट आहे, तिथे पोसो नावाच्या किनाऱ्यावर वारा इतका उन्मत्त असतो की त्याहूनही लहान शिडं चढतात. फिलिप कोस्टर हा जर्मन पोरगा त्याच बेटावर लहानाचा मोठा झाला. 2011 साली सतरा वर्षांचा असताना लाटांवरच्या विंडसर्फिंगचा जगज्जेता झाला. त्याच पोसोच्या दाइदा आणि इबाय्या या जुळ्या बहिणींनी तर कितीतरी वर्षं जगात कोणाला पुढे जाऊ दिलं नाही.

शिडातलं आणखी एक बारीक काम सांगतो. शीड डोलकाठीवर चढवल्यावर खालून दोरी ताणून बसवतात. ती पुरेशी ताणली की शिडाचं वरचं टोक मागच्या कडेने थोडं सैल पडतं. बघणाऱ्याला वाटेल, नीट ताणलेलं नाही. पण तेच हवं असतं. अचानक वाऱ्याचा झोत आला की ते सैल टोक वळतं आणि जास्तीचा वारा सोडून देतं. वरचं टोक ताठ राहिलं तर झोत डोलकाठीच्या शेंड्याला धक्का देतो, आणि हवेत असताना शेंड्याला बसलेला धक्का म्हणजे माणूस उलटा. आपल्या गोठ्याच्या पत्र्यालाही वारा सोडून देता आला असता तर हुक सरळ झाला नसता.

फळीचं म्हणाल, तर उडीची फळी आता सव्वादोन मीटर लांब, वजनाला सहा-सात किलो. आत फोम, वर कार्बनच्या किंवा काचेच्या धाग्यांचं कवच. तिच्यात पाण्यावर तरंगायची ताकद इतकी कमी, की उभा माणूस कसाबसा तरला जातो. वेग असेल तरच ती वर राहते. नाकाकडे तळ वर वळवलेला असतो, लाटेच्या चढावर नाक घुसू नये म्हणून. आणि उडताना फळीचं पोट वाऱ्याकडे दाखवायचं असतं. वारा पोटाखाली शिरला की फळीही उचलायला हातभार लावते. फळी मोठी असेल तर तोच वारा ती पलटी करतो. पट्टे असतात तेच तिला पायाखाली रोखायला. पोटाला मागे जो पातळ पर असतो, फिन म्हणतात, तोही उड्यांसाठी आखूड. लांब फिन सरळ पळायला चांगला, पण तो पाण्यातून निघताना फळी एका कुशीवर फिरवू बघतो.

आता पट्ट्याची दुसरी बाजू. पट्टा सैल असला तर पाऊल घोट्यापर्यंत आत जातं. पडताना फळी एकीकडे फिरली की घोटा तिच्याबरोबर फिरतो आणि हाड मोडतं. फार घट्ट असला तर पडल्यावर पाय निघत नाही. म्हणून पाण्यात जायच्या आधी जाणती माणसं पट्टा पुन्हा पुन्हा मापून घेतात. कमरेच्या पट्ट्याचंही तसंच. कमरेला एक हुक असतो, तो बूमच्या दोरीत अडकवला की सगळा भार कमरेवर येतो, हात मोकळे राहतात. त्याच्याशिवाय कोणी फार वेळ टिकायचा नाही. पण लाट जवळ आली की बहुतेक जण हुक सोडवतात. अडकलेल्या स्थितीत पडलं तर शीड माणसाला बरोबर घेऊन आपटतं.

"मग आपण पवनेला का नाही उड्या मारायच्या?" हा प्रश्न येणार हे मला माहीतच होतं. पवनेचं पाणी सुंदर, वारा आषाढात भरपूर. पण लाट कुठे आहे? वाऱ्याने लाट उठते ती तीन गोष्टींवर: वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि मोकळ्या पाण्यावरून किती लांब वाहिला. धरणाचं पाणी काही किलोमीटरचंच. त्यात गुडघ्याएवढ्या लाटा उठतील फार तर. शिवाय चहूबाजूंनी तुंग, तिकोना, लोहगड. घाटातून आलेला वारा या डोंगरांवर आपटून तुटतो, भोवरे करतो, कधी इकडून कधी तिकडून येतो. आणि पावसाळ्यात पवनेत दरवर्षी माणसं बुडतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिकडे उतरायचं नाही, हे ठरलेलंच आहे.

"मग कोकणात? तिकडे तर पावसाळ्यात घराएवढ्या लाटा येतात!" येतात खऱ्या. पण आपला किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला आणि नैऋत्येचा वारा समुद्रावरून सरळ किनाऱ्यावर येणारा. शिडाने वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, तिरकं तिरकंच जावं लागतं. म्हणजे लाटेकडे समोरासमोर जायचं, तर वारा तिकडूनच येतोय. माणूस परत किनाऱ्यावर फेकला जाणार. उडीसाठी वारा बाजूने हवा आणि लाट समोरून. त्या दिवसांत आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते, ती काही उगाच नाही. उलट हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा खारा वारा किनाऱ्याला धरून वाहतो, बाजूने. वारा हवा तसा, पण तेव्हा लाट लहान. दोघांची गाठ पडत नाही. हवाईतल्या माउई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हूकिपा म्हणून जागा आहे. तिथे ईशान्येचे व्यापारी वारे बाजूने वाहतात, आणि हिवाळ्यात हजारो किलोमीटर दूर, उत्तर प्रशांत महासागरात उठलेल्या वादळांच्या लाटा समोरून येतात. तिथे नसलेल्या वादळाची लाट आणि तिथे असलेला वारा. अशा जागा पृथ्वीवर मोजक्याच, आणि माणसं त्या शोधत जगभर हिंडतात.

वर जाणं इथवर सांगितलं. उतरणं राहिलं, आणि ते जास्त कठीण आहे. दहा मीटरवरून नुसतं पडलं तर पाण्याला टेकताना वेग पुन्हा ताशी 50. त्या वेगाने फळी सपाट आपटली तर गुडघे, घोटे, पाठ, काहीही जाऊ शकतं. फळीचेही दोन तुकडे होतात. नाकावर पडली तर डोलकाठी मोडते. म्हणून येताना शीड उघडं ठेवतात, शेवटपर्यंत वजन तोलायला, आणि फळीची शेपूट आधी पाण्यात घालतात. फिन आणि शेपूट पाणी कापत आत शिरतात, धक्का एकदम न बसता थोडा लांबतो. गुडघे वाकवतात, त्याने तो आणखी लांबतो. धक्का लांबला की लहान होतो. हे एवढं साधलं की तो पुन्हा वेग घेतो आणि पुढची लाट शोधतो.

आणि धाकट्या, तू मघापासून विचारतोयस ना, की कुठला मासा असं करतो का? करतो. आपल्याच अरबी समुद्रात उडते मासे आहेत. मोठा मासा मागे लागला की ते पाण्यातून वर सुटतात, छातीचे लांब पर पसरतात आणि वाऱ्यावर तरंगत जातात. वर सुटायचा वेग पाण्यातून, तरंगणं हवेतून, अगदी आपल्या फळीवाल्याचाच हिशोब. 2008 साली जपानच्या याकुशिमा बेटाजवळ एका माशाचं उड्डाण चित्रित झालं, ते होतं 45 सेकंदांचं. एवढा वेळ कसा? त्याच्या शेपटीचा खालचा फाटा वरच्यापेक्षा लांब असतो. वेग मंदावला की तो अंग पाण्यात घालत नाही. नुसता तो खालचा फाटा पाण्यात टेकवतो, सेकंदाला पन्नासाच्या वर वेळा झपाझप हलवतो आणि पुन्हा वर. फळीवाल्याची शेपूट पाण्यात गेली की उडी संपली. माशाची तिथून दुसरी सुरू होते.